ओल्या फडक्याचे अण्णा

मागच्या आठवड्यात मी आमच्या बंगलोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. म्हणजे ओतायचं होतं पत्र्यांवर, पण तो मध्ये उभा होता आणि बाजूला व्हा म्हटलं तर होईना. वॉचमनच्या खोलीवरचे जुने सिमेंटचे पत्रे दोन माणसं हातोड्याने फोडत होती, पांढरा धुरळा उडत होता, आणि हे सद्गृहस्थ ग्रुपवर टाकायला त्याचा व्हिडिओ काढत होते.

संध्याकाळी सून म्हणाली, "आई, अहो, ग्रुपवर तुमचा फोटो फिरतोय. बादलीसकट."

मुलगा ऑफिसातून चिडूनच आला. "आई, हे महादेवपुरा आहे. इथे लोक मेल लिहितात. पाणी नाही ओतत कोणी."

नात तेवढी कामाचं बोलली. "आजी, परत ओतशील तेव्हा मला हाक मार."

अडुसष्टाव्या वर्षी बाईमाणसाला एक मोठा फायदा असतो. तिला कोणी मेमो देत नाही. सेक्रेटरीने दुसऱ्या दिवशी काम थांबवलं आणि पत्र्यांत नक्की काय असतं ते विचारायला घरी आला, कॉफी पिऊन गेला. पण खरं सांगते, ही विद्या माझी नाही. बारा वर्षांपूर्वी असंच पाणी जिच्या अंगावर पडलं होतं, ती मी होते. आणि टाकणारे होते आमच्या शाळेचे अटेंडर, म्हणजे शिपाई, अण्णा.

त्यांचं नाव सांगत नाही. शाळेतही ते कोणी विचारत नसे. बंगलोरात रिक्षावाल्यापासून इडलीवाल्यापर्यंत सगळेच अण्णा. आमच्या अण्णांची खूण म्हणजे डाव्या खांद्यावरचं ओलं फडकं. ते तिथे कायम असायचं, त्यामुळे त्यांचा खाकी शर्ट डाव्या खांद्यावर गडद आणि बाकी अंगभर फिका, असा दोन रंगांचा झाला होता. ते निपाणीकडचे. मराठी बोलायचे, पण तिच्यात कानडी अशी मिसळलेली की साखर कुठली आणि रवा कुठला ते कळू नये. हल्ली तिकडेच असतात, पुतण्याकडे. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, गेल्यावर ते परत गेले. अधूनमधून फोन येतो. तब्येत विचारायच्या आधी विचारतात, "बाई, तुमच्या बिल्डिंगमधी पार्किंगवर छप्पर कसलं हाय?"

मला 'बाई' म्हणणारे शाळेत ते एकटेच. बाकी सगळ्यांची मी 'मॅडम'. तेव्हा मला त्या 'बाई'चा काय राग यायचा! पुण्यात मी स्वतः माझ्या शिक्षिकांना जन्मभर बाईच म्हटलं होतं, पण ते मी म्हैसूर सिल्क नेसायला लागल्यापासून विसरले होते.

मी होते रसायनशास्त्राची शिक्षिका. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी इकडे आलेली. आमच्या मोठ्या मॅडम निवृत्त झाल्या आणि नवीन मिळेपर्यंत माझ्याकडे कारभार आला. प्रभारी मुख्याध्यापिका. सही करताना 'प्रभारी' मी इतकं बारीक लिहायची की वाचणाऱ्याला माशीने घाण केली असं वाटावं. वय जेमतेम छप्पन्न, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता.

शाळा इथल्या, बंगलोरातल्या शिवाजीनगरच्या बाजाराला पाठ लावून उभी. पुढची इमारत दगडी, फोटो काढण्याजोगी. मागे एक लांबलचक शेड, तिच्यात पहिली-दुसरीचे चार वर्ग, आणि वर सिमेंटचे नागमोडी पत्रे. पाहुण्यांना आम्ही पुढच्या पुढेच चहा पाजून परत पाठवत असू.

त्या शेडवर अण्णांचा जीव होता. जीव म्हणजे प्रेम नव्हे. वयात आलेल्या मुलीवर बापाची नजर असते, तशी नजर. एका लांब बांबूच्या टोकाला त्यांनी हातात धरायचा छोटा आरसा बांधला होता. दर सोमवारी तो बांबू उंच धरून ते शेडभोवती फिरायचे आणि पत्र्यांच्या कडा, वरची अंगं आरशात बघायचे. मुलांना वाटे, अण्णा एवढ्या लांबून भांग पाडतात. प्रत्येक पत्र्याला त्यांनी नंबर दिला होता. वहीत पानापानावर नोंदी: 'नं. ९ डावी कड चिरली. रंग दिला.' 'नं. १७ माकड बसलं. बरा हाय.'

कोणी सजावटीला खिळा घेऊन शेडकडे निघालं की अण्णा वाटेत. "खिळा मारायचाच तर माझ्या डोक्यात मारा. पत्र्याला न्हाई." कन्नड राज्योत्सवाच्या पताका ते स्वतः सुतळीवर बांधून खांबाखांबांतून ओवायचे.

"अहो, पण एका खिळ्याने काय होतं?" मी एकदा विचारलं.

"बाई, हा पत्रा म्हणजे म्हातारी सासू. बसल्या जागी बसू द्या, अंगाला हात लावू नका, वर्साला एक लुगडं नेसवल्यासारखा रंग द्या. काय करत न्हाई कुणाला. डिवचलीत की मग घर खाती."

मला तेव्हा खरीखुरी सासू होती, आणि ती डिवचल्याशिवायही घर खात होती, त्यामुळे मला ते पटलं नाही. आता मी स्वतः सासू आहे. आता पटतं.

पाण्याचा प्रसंग आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आधीचा. त्या दिवसांत सगळं बंगलोर घासूनपुसून निघतं. रिक्षा, शिवणयंत्रं, लेथ मशीनं, बसगाड्या, सगळ्यांना आंघोळ आणि झेंडूची माळ. मीही फर्मान काढलं: सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी श्रमदान. चौथी ते सातवीची मुलं, हातात लांब काठीला बांधलेले झाडू, आणि पहिलीच्या वर्गांवरची वर्षांची जळमटं साफ. मी म्हैसूर सिल्क नेसून, कमरेवर हात ठेवून देखरेखीला. शिट्टीही होती गळ्यात. झाडू पत्र्यांना खरखर घासत होते, वरून भुरभुर पांढरं पडत होतं, मुलं शिंकत होती, आणि मला वाटत होतं, वा, काय स्वच्छता चालली आहे.

अण्णा बँकेचं काम करून परत आले होते. दारातून त्यांनी एकदा आत बघितलं. ओरडले, "बेडा! बेडा!" म्हणजे नको, नको. मी शिट्टी मारून त्यांना गप्प केलं. मग ते दिसेनासे झाले, आणि दुसऱ्याच मिनिटाला बागेची नळी घेऊन आले. पहिली धार वर, पत्र्यांवर. दुसरी धार धुरळ्यावर. तिसरी, धुरळा जिच्या डोक्यावर होता तिच्यावर.

मुलांना तर सणच लागला. मी शिट्टी वाजवायला गेले तर तिच्यातून पाणी आलं.

पुढचा तासभर अण्णांनी मला विचारलं नाही. मुलांना रांगेने नळावर नेलं, हातपाय-तोंड धुवायला लावलं, डोकी धुतली, आणि मग वर्ग बंद करून एकटेच आत राहिले. ओलं फडकं, बादली, ओलं फडकं, बादली. शेवटी फडकीसुद्धा पिशवीत घालून तोंड बांधून टाकली. मी ऑफिसात पंख्याखाली साडी वाळवत मेमो लिहीत होते. इंग्रजीत. एक पानभर.

दुसऱ्या दिवशी अण्णा तो कागद घेऊन माझ्यासमोर उभे. "बाई, ह्यात काय लिवलंय ते वाचून दाखवा की. मला इंग्लिश येत न्हाई."

आता आली का पंचाईत! स्वतःचा मेमो मला मराठीत वाचायचा होता, ज्याला दिला त्यालाच. इंग्रजीत भारदस्त वाटलेलं एकेक वाक्य मराठीत यायला लागलं तसतसं चिंध्या होऊन यायला लागलं. "तुम्ही... वरिष्ठांच्या अंगावर... जाणूनबुजून पाणी उडवलंत. त्यामुळे शाळेच्या प्रतिष्ठेला... ओल आली."

"ओल आली?"

"तडा गेला."

"बरं. आणि?"

"आणि साडीला."

अण्णांनी मान डोलावली. "सगळं बरोबर हाय. सही कुठं करू?" सही केली, कागदाची घडी घातली आणि आपल्या पत्र्यांच्या वहीत खूण म्हणून ठेवली. पुढे जेव्हा जेव्हा ती वही उघडली, तेव्हा तेव्हा माझा मेमो डोकं वर काढून बघायचा.

पाणी का टाकलं, हे मी त्यांना विचारलं नाही. प्रभारी माणसाला प्रश्न पडत नसतात.

मुलं मधल्या सुट्टीत कुंटेबिल्ले खेळायची. आपल्याकडे ठिकरी म्हणतो, एका पायावर चौकोन उड्या मारत ओलांडायचे, तोच खेळ. त्यासाठी चपट्या तुकड्याची ठिकरी लागते, आणि पत्र्याच्या फुटक्या तुकड्यासारखी चपटी, जड, नीट पडणारी ठिकरी जगात नाही. मुलांच्या खिशात, कंपासपेटीत तेच तुकडे. अण्णांनी फाटकाजवळ दुकान मांडलं. पत्र्याचा तुकडा द्या, मंगलोरी कौलाची ठिकरी घ्या. कौलाचे तुकडे ते सकाळी लवकर येऊन दगडावर घासून गोल करायचे. घासायचे तेही ओले करूनच.

धंदा फार जोरात चालला. इतका की आठवड्याभरात शेडच्या मागच्या पत्र्याची कड दाताने कुरतडल्यासारखी दिसायला लागली. लाल, गोल, देखणी ठिकरी मिळते म्हटल्यावर आमची गुणी बाळं पत्रा मोडूनच आणत होती!

अण्णांनी कपाळाला हात लावला. "माझ्यापेक्षा हुशार निघाली की हो." दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. तुकडा आणायचा नाही. कुठे पडलाय ते फक्त दाखवायचं, दोन्ही हात पाठीमागे बांधून. हात पुढे आला की ठिकरी रद्द. मग काय, सगळ्या शाळेत पोरं हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून, पोलीस खात्यातल्यासारखी फिरू लागली. शाळा तपासायला आलेले साहेब मला म्हणाले, "मॅडम, काय शिस्त आहे हो तुमच्याकडे!" मी म्हटलं, "थँक यू सर."

एकदा अण्णा प्रयोगशाळेत आले. मी तिवईवरची तारेची जाळी सुरीने खरवडत होते. दिव्याच्या आचेवर चंचुपात्र ठेवायला मध्ये पांढरा गोल असलेली ती जाळी असते ना, ती. खरवडून झालं की फुंकर मारायची, ही माझी वीस वर्षांची सवय.

"ते पांढरं काय असतंय, बाई?"

मला कोणी प्रश्न विचारला की माझ्यातली शिक्षिका फुलारून येते. "ते ॲस्बेस्टॉस. जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही. धाग्याधाग्यांचं खनिज असतं. धागे इतके सूक्ष्म की डोळ्यांनी दिसत नाहीत. श्वासावाटे आत गेले तर फुप्फुसाला अपाय. परीक्षेत दोन मार्कांना येतं."

"आणि ते आपल्या शेडवर घालत्यात व्हय?"

मला माहीत होतं. सिमेंटच्या पत्र्यात ते असतं हेही माहीत होतं, पुस्तकात 'उपयोग' या मथळ्याखाली तिसऱ्या ओळीत होतं. वीस वर्षं मी ती ओळ शिकवली, आणि तिच्याखालून रोज चालत गेले. मान वर करून बघितलं नाही. मला वाटतं, जे आपण मार्कांसाठी शिकतो ते छपरावर असू शकतं, असं आपल्याला वाटतच नाही.

अण्णांनी खांद्यावरचं फडकं काढून माझ्या हातातल्या जाळीवर हळूच टाकलं. "फुकू नका," एवढंच म्हणाले. कपाटातल्या सगळ्या जाळ्या त्या दिवशी पिशवीत गेल्या.

यावरून मी सुधारले असं कोणाला वाटेल, तर नाही. तेवढी सोय माझ्यात नव्हती.

त्यानंतरच्या वर्षी ट्रस्टने शेडचं छप्पर बदलायचं ठरवलं. दसऱ्याच्या सुट्टीत काम. कंत्राटदार पत्रे वरून फोडून खाली पाडणार होता, दोन दिवसांत मोकळा. मैदानाच्या खालच्या बाजूला पावसाचं पाणी साचायचं, तिथे भराव हवा होता. तेव्हा एका चतुर व्यक्तीने सुचवलं की पत्र्यांचे तुकडे करून तिथेच पसरावेत, वर माती टाकावी. एका दगडात दोन पक्षी. सभेने त्या व्यक्तीचं टाळ्या वाजवून कौतुक केलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, असं डोकं पाहिजे."

हो, मीच. जाळ्या फेकून दिलेल्या मीच. जाळ्या इवल्याशा, त्या फेकल्या म्हणजे झालं आपलं कर्तव्य, असं मला वाटलं होतं.

अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी शेडला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन घरी गेले. दोन दिवस आलेच नाहीत. अध्यक्षांचा फोन आला, "किल्ली आणा, नाहीतर त्या माणसाला काढून टाका. पत्र तयार ठेवा." मी पत्र टाइप करून पर्समध्ये ठेवलं आणि रिक्षा करून किल्ली आणायला निघाले.

शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत एका वर्कशॉपवर त्यांची एक खोली. अरुंद, उभा जिना.

"किल्ली द्या," मी जिन्यातूनच म्हणाले.

"आत या की बाई. उभ्या उभ्या किल्ली देत्यात व्हय कुणी?"

आत अक्का खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बारीक, हसतमुख बाई. शर्टाची एक बाही दुमडायची, थांबायचं, श्वास गोळा करायचा, मग दुसरी बाही. मला म्हणाल्या, "बसा बाई. स्वल्प ताक घ्या." तेवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागलं.

अण्णा जमिनीवर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या शेडचे पत्रे मीच बसवलेत, बाई. लग्न होऊन दोन-तीन वर्सं झाली असतील. करवतीनं कापायचो. नखापासून शेंडीपातुर पांढरा. गल्लीतली पोरं म्हणायची, गिरणीवाला आला. घरी आल्यावर शर्ट काढून हिच्याकडं टाकायचा. ही उंबऱ्यात उभी राहून झटकायची आणि मग धुवायची. रोज."

"कुणी सांगितलं न्हाई," अक्का म्हणाल्या.

"कुणी सांगितलं न्हाई. मग पन्नाशीत एका कारखान्यात एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं. दुपारी जेवायला चित्रान्न होतं. साहेबांनी दोनच गोष्टी सांगितल्या. मोडू नका, आणि हात लावायचाच तर आधी ओलं करा. बास, दोनच! घरी येऊन हिला सांगितलं, तर ही तवर खोकत होती."

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"नक्की सांगता येत न्हाई म्हणत्यात. चुलीचा धूर बी असंल. ही गल्ली बी असंल." त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून मांडीवर ठेवलं. "पण मला ठाव हाय की. म्हणून तर तुमच्याकडं अटेंडर म्हणून लागलो. दुसरीकडं जास्त देत होते. पण माझे पत्रे तिथं हाईत, आणि खाली पोरं बसत्यात."

अक्का हसल्या. "कापले ह्यांनी, आणि खोकला मला. लग्नात निम्मंनिम्मं म्हणत्यात, ते असं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या अंगावर पाणी टाकलं म्हणे ह्यांनी? सिल्कच्या साडीवर?"

"हो."

"माझ्यावर कधी टाकलं न्हाई." शर्टाची दुसरी बाही त्यांनी नीट दुमडली. "टाकायचं होतं."

खाली वर्कशॉपमध्ये कोणीतरी पत्र्याचा डबा ठोकत होतं. मी ताक प्याले. किल्ली मागितली नाही. जिना उतरताना पर्समधलं पत्र काढलं आणि फाडलं. नंतर आठवलं की फाडलं कोरडंच.

आता पुढचं अण्णांचं नाही, माझं आहे, पण सांगते, कारण आयुष्यात एवढंच एक काम मी शहाणपणाने केलं आणि तेही लबाडीने. ट्रस्टची सभा बोलावली. माझीच सूचना मागे घेते म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, सही तुमचीच आहे. आणि एवढं काय, साधं सिमेंट तर आहे."

मी टेबलावर प्रयोगशाळेतली काचेची बरणी ठेवली. बूच लाखेने बंद केलेलं, आत पांढरी बारीक पूड. शेजारी माझं पाठ्यपुस्तक, ती ओळ असलेलं पान उघडून. म्हटलं, "मैदानात पसरेल ती पूड अशीच बारीक असेल, सर. पहिलीची मुलं त्यावर खेळतील. त्याआधी आपण इथे जरा पसरून बघू. उघडा ना."

"तुम्ही उघडा."

"सर, अध्यक्ष तुम्ही आहात. साधं सिमेंट तर आहे."

त्यांनी बरणीकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं, आणि खुर्ची टेबलापासून वीतभर मागे घेतली. बाकीच्यांनी हातभर घेतली. ठराव बदलला. पत्रे न फोडता, परवाना असलेल्या लोकांकडून उतरवायचे आणि घातक कचरा नेणाऱ्या गाडीतून रवाना करायचे. अटेंडरला काढायचा विषय कोणी काढलाच नाही.

बरणीत काय होतं ते आज सांगते. तांदळाची पिठी. दारातल्या रांगोळीसाठी आणलेली. मी खोटं एक अक्षर बोलले नाही. अण्णांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की फडकं खांद्यावरून पडलं. "बाई, बरं झालं, त्यांनी उघडलं असतं तर डोसे घालायला लागले असते."

उतरवायला आलेल्या लोकांची प्रमुख एक तरुण इंजिनीअर पोरगी होती. पांढरा सूट, तोंडावर मोठा मास्क. तिने शेडभोवती पट्टी ओढली आणि अण्णांना म्हणाली, "अण्णा, तुम्ही लाईनच्या बाहेर. तुमचं वय झालंय." मला वाटलं, आता भांडण. ज्या माणसाने स्वतः चढवले त्याला उतरवायलाही जवळ येऊ देत नाही म्हणजे काय? अण्णा म्हणाले, "सरी," म्हणजे बरं, आणि वही तिच्या हातात दिली. तिने पान उघडलं तर माझा मेमो.

पाच दिवस ते लाईनबाहेर स्टुलावर बसून होते. आतली माणसं पत्रा भिजवायची, बोल्टांना तेल सोडायची, अख्खा पत्रा दोरीने खाली घ्यायची आणि जाड प्लॅस्टिकमध्ये बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं गुंडाळायची. अण्णा बाहेरून सांगायचे, "नववा हळू, डावीकडनं चिरलाय." "बाराव्याचा कोपऱ्यातला बोल्ट मी वाकडा ठोकलाय, ओढू नका, फिरवा." ती पोरगी पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पत्र्याआधी त्यांच्याकडे बघायला लागली. एकही पत्रा फुटला नाही. नववासुद्धा. गाडी निघाली तेव्हा अण्णा उभे राहिले, टोपी नव्हती तरी काढल्यासारखा हात डोक्याला लावला.

मग शेड आतून दोनदा ओली पुसली, तपासणी झाली आणि पोरगीने पट्टी काढली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आयुधपूजा.

सुट्टी असल्यामुळे शाळेत आम्ही चारपाच जण. बिनछपराच्या शेडमध्ये अण्णांनी आपली आयुधं मांडली होती: बागेची नळी, बादली, धुतलेली फडकी, आरसा बांधलेला बांबू, वही. सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना झेंडू. वहीतून मेमोचं टोक बाहेर आलेलं, त्यालाही एक बोट कुंकू.

आणि खुर्चीवर अक्का बसल्या होत्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा जिना उतरून आलेल्या. त्यांना उतरायला अर्धा तास लागला, असं अण्णा म्हणाले.

दृष्ट काढायला कोहळा फोडतात, तो फोडायचा मान मला दिला. मी हात वर केला तोच अण्णा ओरडले, "थांबा!" आणि फोडायच्या जागेवर आधी पाणी मारलं. सवय. अक्का हसायला लागल्या, हसताहसता खोकल्या, आणि खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "आता माझ्यावर बी टाका की."

"गप गं. थंडी बाधंल."

"बाईंना टाकलं तवा बाधली न्हाई?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी पटकन मान वर केली. इतक्या वर्षांत त्या वर्गात मी पहिल्यांदाच वर बघत होते, आणि वर काहीच नव्हतं; नुसतं आभाळ, आणि एक घार.

खाली बघितलं तेव्हा अण्णांनी फडकं बादलीत बुडवून अक्कांच्या डोक्यावर हळूच झटकलं होतं. केसांत थेंब अडकले होते. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

अण्णांनी फडकं परत बादलीत बुडवलं.